जुनी खिंड, शनिवार, चार वाजेपर्यंत

१

बस डेपोच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी एकतीस वर्षं गाड्यांच्या वेळा लावल्या, त्यामुळे घरीदारी सगळे त्यांना वेळापत्रकच म्हणत. आडनाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. कुठली गाडी किती वाजता सुटेल, चालकाला जेवायला कधी सवड मिळेल, रस्ता खोदलेला असला तर वळसा कुठून घालायचा, हे सगळं त्यांना तोंडपाठ. आणि असा माणूस सुट्टीच्या दिवशी तरी दुसरं काय करणार? तेच. फक्त गाड्यांच्या जागी डोंगर.

घरातल्या मागच्या खोलीत भिंतभर नकाशा होता. त्यावर टाचण्या, टाचण्यांना दोरे. वाट खुली असेल तर हिरवा दोरा, बंद असेल तर लाल. डोंगरातल्या वाटा वर्षभर खुल्या नसतात. कड्यात पक्षी अंडी घालतात म्हणून एखादी बंद, वणव्याच्या भीतीने दुसरी बंद. बर्फ पडायची चिन्हं दिसली की वर जाणाऱ्या रस्त्यांवरची गेटं एकेक करून लागतात, ती चार-पाच महिन्यांनी उघडतात. या सगळ्या बंदीतून नेमका एक मोकळा दिवस आणि एक मोकळी वाट शोधून काढणं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

रोज सकाळी साडेसहाला चहाचा कप हातात घेऊन ते वाटांच्या माहितीचा फोन लावत. एका बाईंचा टेप केलेला आवाज यादी वाचे: वाटेचं नाव, खुली की बंद, कारण. शेवटी 'धन्यवाद', मग कट्ट असा आवाज, आणि फोन बंद. मग ते दोरे बदलत.

"अजून दोन वर्षांत या नकाशाची चाळण होईल," बायको म्हणे. "मग पीठ चाळायला घेईन मी."

तिच्या बोलण्यात नुसती थट्टा नव्हती. कारण गेली तीन वर्षं वेळापत्रक रोज फोन लावत होते, दोरे बदलत होते, आणि या तीन वर्षांत एकदाही डोंगरावर गेले नव्हते.

मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात, रविवारी, दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीचा फोन आला. "बाबा, शनिवारची सुट्टी मिळाली. एकच दिवस. मला पलीकडचं तळं बघायचंय, तुमच्याबरोबर. मामालाही विचारलंय. आखणी तुम्ही करा."

त्यांनी नको म्हणायला तोंड उघडलं, पण बायको समोर उभी होती. "बघतो," ते म्हणाले.

सोमवारी बाईंनी यादी वाचली. तळ्याकडे जाणाऱ्या चार वाटांपैकी ओढ्याची वाट बंद, पुलाचं काम. धन्यवाद. पण कट्ट लगेच वाजलं नाही. मध्ये कोणीतरी घसा खाकरला. दोनदा, आखूड. मग कट्ट.

वेळापत्रकांनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला होता.

२

घसा असा दोनदा खाकरणारा एकच माणूस त्यांच्या ओळखीत होता, आणि तो तीन वर्षांपूर्वी जुन्या खिंडीत मागे राहिला होता.

त्यांचा सहाजणांचा गट होता. मोजणीची पद्धत वेळापत्रकांनीच घालून दिलेली. ते स्वतः सर्वांत पुढे. धुक्यात मागचा माणूस दिसेनासा झाला की ते थांबत आणि 'एक' म्हणून हाक देत. मागून 'दोन', त्याच्या मागून 'तीन', असं होत होत सर्वांत मागचा माणूस आकडा न म्हणता 'पूर्ण' म्हणे. ते ऐकल्याशिवाय कोणी पाऊल उचलायचं नाही. सर्वांत मागे कायम औषधवाला असे. दुकानात दिवसभर उभा राहणारा माणूस, चाल संथ, स्वभाव त्याहून संथ. 'पूर्ण' म्हणण्याआधी दोनदा घसा खाकरायचा, जणू गिऱ्हाइकाला गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगतोय. सगळे त्याची नक्कल करत.

त्या दिवशी जुन्या खिंडीचा मोसमातला शेवटचा दिवस होता. चार वाजता गेटवाला गेटला कुलूप लावून स्वतःही खाली निघून जाणार. उतरताना धुकं आलं, मग बर्फ भुरभुरायला लागलं. वळणाच्या दगडापाशी, गेटच्या चाळीस मिनिटं वर, शेवटची मोजणी झाली. पुढे जो तो मान खाली घालून पळत सुटला. गेटबाहेर दोन गाड्या उभ्या होत्या, लोक मिळेल त्या गाडीत शिरले, काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या. गेटवाल्याने विचारलं, "सगळे आले?" वेळापत्रक म्हणाले, "आले," आणि त्यांनी वहीत सही केली. सहा गेले, सहा आले.

औषधवाला दुसऱ्या गाडीत आहे असं दोन्ही गाड्यांना वाटलं. तासाभराने चहाला थांबले तेव्हा कळलं.

"वळणाच्या दगडापाशी तो होता," वेळापत्रकांनी शोधायला आलेल्यांना सांगितलं. "त्याने 'पूर्ण' म्हटलं. मी ऐकलं." म्हणून चार दिवस दगडापासून गेटपर्यंतचा उतार पालथा घातला गेला. मग बर्फाने सगळं झाकलं. बर्फ वितळल्यावरही काही सापडलं नाही.

औषधवाल्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, एकच गोष्ट विचारली होती. "तिथपर्यंत तुमच्या सोबतीने होते ना? एकटे नव्हते ना?"

"नाही वहिनी. बरोबर होते," ते म्हणाले होते. तेव्हापासून डोकेदुखीची गोळी घ्यायलासुद्धा ते गावाच्या दुसऱ्या टोकाला जात.

३

मंगळवारी जंगलवाट बंद झाली. पिल्लांसह अस्वलीण दिसली होती. धन्यवाद. खाकरणं, दोनदा.

टेपमध्ये काहीतरी बिघाड असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. बोलणाऱ्या बाईंनाच खोकला झाला असेल. माणसाच्या घशाला काय, कधीही काहीही होतं. पण मनाचं समाधान होईना, म्हणून डेपोतून दुपारी त्यांनी माहिती कार्यालयाला फोन केला. त्याच बाईंनी उचलला.

"खोकला?" त्या हसल्या. "मी एकटीच असते हो. दार लावते, वाचते, 'धन्यवाद' म्हणते आणि बटण दाबते. सर्दीसुद्धा झालेली नाही मला. पण थांबा, ऐकते."

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बाईंचाच टेपमधला आवाज, लांबून. धन्यवाद. कट्ट.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या लाइनमध्ये असेल."

लाइनमध्ये असेल. वेळापत्रकांनी दुपारभर गाड्यांच्या वेळा लावल्या आणि एका गाडीला एकाच वेळी दोन फलाटांवर उभं केलं. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "साहेब, हे तर तुमच्याकडून पहिल्यांदाच."

बुधवारी धारेची वाट बंद झाली. वर वाऱ्याचा जोर, निवाऱ्याचं छप्पर उडालेलं. बाईंनी पुढचं वाक्य वाचलं. "जुनी खिंड: खुली. शनिवार, चार वाजेपर्यंत." धन्यवाद. मग खाकरणं. आणि मग, फोनच्या अगदी जवळ, एका पुरुषाचा थकलेला आवाज म्हणाला, "पूर्ण."

कट्ट.

नकाशावर तळ्याभोवती तीन लाल दोरे होते. चौथ्या वाटेवर त्यांनी गेल्या तीन वर्षांत कुठलाच दोरा लावला नव्हता. टाचण्यांची नुसती भोकं होती.

४

त्यांनी मुलीला फोन करून सांगितलं, "सगळ्या वाटा बंद आहेत गं. पुढच्या मोसमात बघू."

संध्याकाळी तिचा उलटा फोन आला. आवाज चढलेला. "बाबा, खोटं का बोललात? मी स्वतः फोन लावला. जुनी खिंड खुली आहे."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला माहितेय तिथे काय झालं. त्यात तुमची काय चूक? तीन वर्षं त्या खोलीत बसून दोरे बांधताय. आई रडते, तुम्हाला कळतं तरी का? एकदा जाऊन या बाबा. माझ्यासाठी."

"बघतो," ते म्हणाले.

"बघतो नाही, जायचं." मग तिचा आवाज जरा निवळला. "आणि ते टेपमध्ये शेवटी गंमत आहे बघा. कोणीतरी खाकरतं आणि 'पूर्ण' म्हणतं. आपल्या मोजणीसारखंच. तुम्हीच शिकवलंत की काय त्यांना?"

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ नकाशासमोर बसून राहिले. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. त्यांना भीती वाटत होती, आणि ती आवाजाची तेवढी नव्हती.

कारण वळणाच्या दगडापाशी त्या दिवशी 'पूर्ण' कोणीच म्हटलं नव्हतं.

त्यांनी 'एक' म्हटलं. दोन, तीन, चार, पाच आले. मग नुसता वारा. त्यांनी घड्याळ पाहिलं होतं: तीन वाजून अठरा मिनिटं. चार वाजता गेट. वाऱ्यात ऐकू आलं नसेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि मोठ्याने म्हणाले, "झालं, चला." बाकीच्यांना वाटलं, त्यांनी ऐकलंय. आयुष्यात एकही गाडी उशिरा सोडली नव्हती. औषधवाला दगडापाशी नव्हताच. तो वर कुठेतरी राहिला होता, जिथे नंतर कोणी शोधलं नाही, कारण वेळापत्रकांनी ऐकलं होतं ना!

तो 'पूर्ण' त्यांनी स्वतः बनवला होता. आणि आता तो त्यांच्या मुलीला ऐकू येत होता.

५

शनिवारी नऊला ते गेटवर पोहोचले: वेळापत्रक, मेहुणा आणि मुलगी. गेट दोन कड्यांच्या मधल्या अरुंद जागेत होतं, बाजूने जायला वाव नाही. गेटवाला तोच, आता मिश्या पिकलेल्या. त्याने वेळापत्रकांना ओळखलं. वहीत 'तीन' लिहिलं आणि बजावलं, "चारला कुलूप. आज आणखी कोणी वर नाही. तुम्हीच शेवटचे."

दिवस स्वच्छ होता. मेहुणा वाटभर स्वतःच्या गुडघ्यांवर विनोद करत होता. साडेअकराला ते खिंडीत होते. पलीकडे खाली तळं दिसलं, निळं आणि अगदी स्थिर. मुलीने वडिलांच्या दंडाला घट्ट धरलं आणि म्हणाली, "बघा, काही झालं का?" वेळापत्रकांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, तिला आत्ताच सगळं सांगून टाकावं. पण तिने पाव आणि उकडलेली अंडी पुढे केली, मेहुण्याने मिठाची पुडी शोधायला सगळी पिशवी उपसली, आणि ती वेळ निघून गेली.

उतरायला निघताना त्यांनी मुलीला मध्ये चालायला सांगितलं.

"मामाचे गुडघे आणि माझा कॅमेरा, दोघांत मागे कोण राहणार ते ठरलेलंच आहे," ती म्हणाली. "मी मागे. 'पूर्ण' मी म्हणणार."

दोन वाजता धुकं आलं. हळूहळू नाही, दार लोटावं तसं.

त्यांनी पहिली मोजणी केली. एक. दोन, मेहुणा. "पूर्ण!" मुलीचा स्वच्छ आवाज. दुसरी मोजणीही तशीच झाली. त्यांच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. मग तो वळणाचा दगड पायाशी आला, माणसाच्या उंचीचा, एका बाजूने काळा. त्यांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून सोळा.

"एक!"

"दोन," मेहुणा त्यांच्या पाठीशीच होता.

वारा. ओल्या गवताची सळसळ.

मग मेहुण्याच्या मागे, फार तर दहा पावलांवर, कोणीतरी घसा खाकरला. दोनदा, आखूड.

"पूर्ण."

"झालं," मेहुणा म्हणाला. "चला भाऊजी, चाळीस मिनिटं लागतील अजून. पोरीला सर्दी झालेली दिसतेय, आवाज बसलाय बघा तिचा."

घड्याळात तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती. त्यांचे पाय आपसूक उताराकडे वळले. पाय तसेच वळतात, एकतीस वर्षांची सवय. पूर्ण म्हटलंय. दोघांनी ऐकलंय. या वेळी तर खोटंही नाही.

"मी ऐकलं नाही," वेळापत्रक म्हणाले.

"अहो, मी ऐकलं ना!"

"मी ऐकलं नाही," ते पुन्हा म्हणाले, जवळजवळ ओरडलेच. "तू इथेच थांब. या दगडाला हात लावून थांब. काही झालं तरी हलू नकोस." आणि ते वर पळत सुटले.

६

दहा पावलांवर कोणी नव्हतं. वीस पावलांवर नव्हतं. ते मुलीला तिच्या लहानपणच्या नावाने हाका मारत होते, जे नाव घरातसुद्धा कोणी आता घेत नसे.

पाव तासाने ती सापडली. वाटेच्या कडेला, एका घळीच्या तोंडाशी, दोन दगडांत घोटा अडकलेला, चेहरा पांढराफटक.

"बाबा, मी केव्हाची ओरडतेय!" ती रडायला लागली. "वाऱ्यावर तुमचं 'एक' ऐकू आलं, मामाचं 'दोन' ऐकू आलं. मी ओरडणार, तेवढ्यात खालून कोणीतरी 'पूर्ण' म्हणालं. मला वाटलं तुम्ही गेलात. मला वाटलं, आता तुम्ही येतच नाही."

त्यांनी दगड सरकवला, पाय मोकळा केला. बुटाची नाडी सोडून घोटा चाचपला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ते काका कोण?"

"कुठले काका?"

"मी पडल्यापासून बसलेत. बोलत नाहीत."

तिने घळीत बोट दाखवलं. धुकं तिथे जरा विरळ होतं. आत, बऱ्याच खाली, एका दगडावर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. डोक्यावर टोपी. एक पाय लांब सोडलेला, तिचा होता तसाच. उशीर झालेला माणूस स्टँडवर बसावा, तसं ते बसलं होतं. मग त्याची मान वळू लागली, आणि धुकं परत दाटलं.

वेळापत्रकांनी मुलीला पाठुंगळीला घेतलं. त्यांच्या वयाच्या माणसाने घ्यावं असं ते वजन नव्हतं, पण ते जाणवलंच नाही. ती घळ मात्र त्यांनी नीट पाहून ठेवली: वाकलेलं झाड, तीन पांढरे दगड, दगडापासून पाव तास वर. इथे कोणी शोधलं नव्हतं.

मेहुणा दगडाला हात लावून उभा होता. त्याने मुलीचा कॅमेरा स्वतःच्या गळ्यात घातला. उतरताना त्यांच्या मागे एक पाऊल पडत राहिलं, जड आणि पाय ओढत. कोणीच मागे वळून पाहिलं नाही. मोजणीही केली नाही.

७

गेटवर पोहोचले तेव्हा साडेचार झाले होते. गेटवाला साखळी हातात घेऊन उभा होता, चांगलाच वैतागलेला.

"अर्धा तास! वर बर्फ सुरू झालंय. सगळे आले?"

तोच प्रश्न. मेहुणा 'हो' म्हणायच्या आत वेळापत्रकांनी मुलीला खाली उतरवलं.

"नाही," ते म्हणाले. "एकजण राहिलाय."

"तीनच तर गेला होतात!"

"आजचा नाही. वही द्या."

गेट फार वापरातलं नव्हतं, वही तीच होती. त्यांनी मागची पानं उलटली. सहा गेले, सहा आले, खाली त्यांची नेटकी सही. त्यांनी दुसरा सहा खोडला, पाच लिहिलं. "त्याने 'पूर्ण' म्हटलं नव्हतं," ते मुलीकडे बघत म्हणाले. "मी ऐकलं नव्हतं. मला उशीर होत होता, म्हणून मी खोटं बोललो. त्याला त्या घळीत सोडून आलो आणि शोधणाऱ्यांना भलतीकडे पाठवलं."

मुलीने तोंडावर हात ठेवला. मेहुणा खाली बघत राहिला. गेटवाला काही बोलणार होता, पण त्याच वेळी गेटच्या आतून, धुक्यातून, खाकरल्याचा आवाज आला. दोनदा.

गेटवाल्याने साखळी सोडली. मग तो बाजूला झाला, दारातून कोणी जाणार असेल तर आपण अंग चोरतो, तसा. थोडा वेळ गेला. त्याने गेट ओढलं, कुलूप लावलं, आणि वहीतल्या पाचाकडे बराच वेळ बघत राहिला.

गाडीत मुलगी मागे बसली, दुखरा पाय सीटवर लांब करून. वेळापत्रकांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"एक," ते म्हणाले.

"दोन," मेहुणा पुटपुटला.

मुलीने पाय उचलून खाली घेतला, दारापाशी सरकली आणि शेजारी जागा केली. "तीन," ती म्हणाली.

मग वेळापत्रक घड्याळाकडे न बघता थांबले. काचा आतून वाफाळून गेल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी गाडी सुरू केली.

गावात शिरल्यावर त्यांनी गाडी घराकडे वळवली नाही. औषधांच्या दुकानात दिवे लागले होते, गिऱ्हाईक कोणी नव्हतं. वहिनी दाराकडे पाठ करून, स्टुलावर उभ्या राहून वरच्या फळीवर बाटल्या लावत होत्या. वेळापत्रक दारात उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी रस्ताभर जुळवलं होतं: वाकलेलं झाड, तीन पांढरे दगड, आणि मी खोटं बोललो वहिनी. त्यांनी तोंड उघडलं.

त्यांच्या खांद्याच्या मागे कोणीतरी घसा खाकरला. दोनदा, आखूड.

वहिनींचा बाटलीवरचा हात थांबला. त्या वळल्या नाहीत.

"केवढा उशीर केलात," त्या म्हणाल्या.